कार्यक्रमाचे स्वरूप

कॅनडा कॉर्नरमागच्या हॉलच्या पावतीवर
'कार्यक्रमाचे स्वरूप' असा एक रकाना.
मी लिहिलं: कौटुंबिक.
मॅनेजर म्हणाला, बारसं का?
म्हटलं, तसंच काहीसं.

चाळीस खुर्च्यांचं भाडं भरलं, आले एकोणीस.
समाधान सातपूरहून, पहिली पाळी करून,
बोटांना अजून कूलंटचा वास.
त्याच्या कवितेत आजवर 'ती' असायची.
आज 'तो' म्हणाला,
आणि पुढची ओळ शोधत बसला कागदावर.
पंखा तेवढा घरघरत होता.

तांबट आळीतल्या केदारनं भिंतीला टांगला
ठोके मारून उठवलेला पत्रा:
दोन पाठी, मध्ये वीतभर अंतर.
"केवढ्याला?" कुणीतरी विचारलं.
"आधी बापाला दाखवतो, मग सांगतो."

एक जण बाहेरच, स्कूटरवर,
हेल्मेटसुद्धा न काढता
खिडकीतून ऐकत राहिला.
निवृत्तीकाका, हॉलचे रखवालदार,
मागच्या रांगेतली एक खुर्ची उचलून
त्याच्यापाशी ठेवून आले.
बोलले काहीच नाहीत.

रात्री खुर्च्या रचताना मोजल्या त्यांनी.
एकोणचाळीस.
मी बाहेर निघालो तर म्हणाले,
"राहू द्या ती.
बसलाय अजून."