भिंतीवर टेकलेली तुळई

मला बोलावलं ते भिंत पाडायला.
दोघांनी मिळून पाठवलेलं पत्र,
वर दोन शिक्के, खाली एकच तारीख:
पेंटेकॉस्टच्या सणाआधी काम व्हावं.

हान्सब्रुनचं चर्च. बाहेरून एक.
आत वेदीकडचा भाग कॅथलिकांचा,
बाकांकडचा प्रॉटेस्टंटांचा,
मधोमध भिंत, दोन हात जाड,
कुठल्याशा सरदाराने तह म्हणून घातलेली.
रविवारी साडेनऊला इकडे मिस्सा, तिकडे उपासना,
गाणी एकमेकांवर चढवत.
घंटा मात्र एकच. ती कुणाची,
यावर माझ्या आजोबांनी एक दात गमावला होता.

आई, वाल्बुर्गा, पूर्वेच्या दाराने आत जायची,
बाप, एकार्ट, पश्चिमेच्या.
मी अक्रोडाखाली दोघांच्या सायकली सांभाळायची.
आई गेली तेव्हा
पेटी पूर्वेच्या दाराने आत गेली
आणि बाप अक्रोडाखालीच थांबला,
टोपी हातात, सायकलीला टेकून.
त्याला कुणी अडवलं नव्हतं.

फादर बेनो माझी शिडी धरतात, मनापासून.
म्हणतात, "बाई, चर्च म्हणजे पाया.
पेत्राने कुणाच्या डोक्यावर हात ठेवला,
त्याने पुढच्याच्या, त्याने त्याच्या पुढच्याच्या.
मधला एक हात जरी निसटला
तरी उरते ती सभा. भल्या माणसांची असेल.
चर्च नव्हे."

पाळकबाई हेडा खालून ओरडतात,
"पाया जुना म्हणून भिंत सरळ असते का?
ओळंबा सोडून बघा की!
वचन हाच ओळंबा. ते जिथे खरं सांगितलं जातं,
पाणी नि भाकर जिथे नीट दिली जाते,
तिथे चर्च. मग तो गोठा का असेना."

मी सुतार.
पाया खचलेली घरं मी पाहिलीत,
आणि पाया वज्रासारखा असून
दारुड्यासारखी कललेलीही.
मला विचारलं नाही कुणी, ते बरंच.

दुपारी हेडाबाईंनी आलुबुखाराचा केक आणला.
फादरनी दोन तुकडे खाल्ले, बोटं चाटली.
रविवारी याच हातांनी मोडलेली भाकर
त्यांना चालत नाही.
"दुखतं हो," ते म्हणाले. तोंडात घास होता.
"मलाही," ती म्हणाली. "पण मी पाळकच नाही
असं तुम्ही म्हणता,
ते दुखणं निराळं."
मग बराच वेळ
केकवरच्या माशीला कुणी हाकललं नाही.

माळ्यावर चढले. बॅटरी, कबुतरांची घाण,
ओकची एकच सलग तुळई, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत,
तह होण्याच्या कितीतरी आधीची.
मधली भिंत तिच्यापर्यंत कधी पोचलीच नव्हती.
कडेला चुन्याची जुनी रेघ आहे,
चार बोटं फट सोडलेली होती.
तुळईच वाकत वाकत, शतकं घेऊन,
खाली आली आणि भिंतीवर बसली.
म्हणतात, घर फिरलं की वासे फिरतात.
इथे घर केव्हाच फिरलं,
वासे मात्र टेकायला जागा शोधत राहिले
आणि मिळाली ती हीच.

खाली येऊन सांगितलं:
भिंत काढाल तर छप्पर येईल.
दोघं गप्प. फादरनी वर पाहिलं,
हेडाबाईंनी भिंतीला हात लावला,
गुराच्या पाठीला लावावा तसा.
"तीनशे वर्षं आपण भांडून..." ती म्हणाली,
आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

म्हटलं, दार पाडता येईल.
वर लोखंडी पट्टी घालून, खालून टेकू देऊन, हळूहळू.
दोघांचे चेहरे उजळले.
लगेच प्रश्न निघाला:
दार उघडायचं कुठल्या बाजूला?
बिजागऱ्या कुणाकडे?
अडसर कुणाकडे?

ते बोलत राहिले. मी कानामागची पेन्सिल काढली
आणि भिंतीवरच रुंदी लिहिली:
एक पेटी,
आणि दोन्ही अंगांनी खांदा देणारे
मावतील एवढी.