क्यूच्या शेपट्या

डर्बीहून पेट्या यायच्या, भुशात निजलेली अक्षरं.
मेपलची, तेल प्यायलेली,
उलटी.
आणि जाड. मोठ्यातला मोठा ठसा वीतभर उंच,
खाली-वर चौकोनी ठोकळे,
खाणीत निघालेल्या माणसाच्या बुटांसारखे.
लाडिक वळण नाही, निमुळतं टोक नाही.
आय उभा राहिला की उभाच.
बाप म्हणायचा, ह्यांना वारा लागत नाही.
आमच्या नांत-लासला वाऱ्याशिवाय दुसरं होतं काय?

पण पेट्या भरलेल्या इंग्रजांच्या हिशेबाने.
आम्हाला एल लागायचे ढिगाने,
आमच्या बोलीत एलला एल चिकटतो,
जीभ टाळूला लावायची
आणि कडेने फुस्सकन वारा सोडायचा, चिडल्या हंसासारखा.
शिवाय वाय, डब्ल्यू, डीमागून डी.
पेटीत एल मोजून चार.
के मात्र भरपूर, एक्स, झेड,
शाई न लागलेले,
फडताळातल्या लग्नाच्या भांड्यांसारखे कोरे.

बाप कानस घेऊन बसायचा.
दोन व्ही कडेला तासून चिकटवले, झाला डब्ल्यू.
क्यूची शेपटी करवतीने उडवली, झाला ओ.
"तुदुर, लाकडाचा छळ मांडलायस," आई म्हणायची
आणि शेपटी वेचून तंबाखूच्या डबीत टाकायची.
मी नऊ वर्षांची. माझं काम खिळे पुसणं
आणि उलटं वाचणं.
शाळेत त्यापायी मार खाल्ला.

काय काय छापलं! मेंढ्यांचा लिलाव.
चॅपलमधलं गाणं. दातांचा डॉक्टर, दर मंगळवारी.
सगळं त्याच ठणठणीत आवाजात.
शेजाऱ्याची घोडी हरवली
तीही युद्ध पुकारल्यासारखी.

मग तो ऑक्टोबर.
खाणीचे मॅनेजर हॉलिंगवर्थ, टोपी न काढता आत.
शंभर प्रती, सगळ्यात मोठा ठसा, इंग्रजीत:
क्वॉरी क्लोज्ड.
बापाने एक खण ओढला, निवांत पाहिला. दुसरा ओढला.
"क्यू नाहीत, साहेब."
"एकही?"
"ओ आहेत. हवे तेवढे."
मी टेबलाखाली हसू दाबत बसले,
तिथून त्याचे गुडघे दिसले, लटपटणारे.
आपल्या अक्षरांसारखा तो कधीच नव्हता.
छातीने बारीक, बोलताना जमिनीकडे बघणारा.

रात्री माणसं आली मागच्या दाराने.
त्यांना एकच शब्द हवा होता, पाच खिळ्यांचा:
अल्हान. म्हणजे बाहेर. सगळे बाहेर.
मधोमध एलला एल,
आणि त्या ठशात एल एकुलता एक.
सकाळी उठले तर बापाच्या मांडीवर
नासपतीच्या फळीतून कोरलेला दुसरा,
किंचित बुटका, पाय अंमळ रुंद.
"चुकला," तो म्हणाला.
चुकलेलाच छापला.

मॅनेजरांनी नोटीस लिव्हरपूलहून आणली.
क्यू सुरेख होते, मी जाऊन पाहिले.
संप दुसऱ्या हिवाळ्यात मोडला,
नासपतीचा एल मात्र नंतरही
मेंढ्या विकत राहिला, गाणी सांगत राहिला.

आई गेली, तेव्हा पत्रक मीच जुळवलं.
आमच्या लिहिण्यात गाळलेल्या स्वराची
एक बारीक खूण असते, शब्दाच्या खांद्यावर.
ती एक कमी पडली.
तंबाखूची डबी उघडली.
शेपटी फिरवून बसवली, वर सरकवली,
दाबली.

जरा जाड दिसते.
राहू दे.