कच्चा

प्रश्नावली अकरा पानांची.
येरवड्याच्या दारात मोबाईल, घड्याळ, पट्टा काढून दिला;
पेन राहू दिलं, टोपण उघडून बघून.

हणमंत ढोबळे, वय बावीस.
हडपसरच्या साइटवरून तांब्याची वायर, अडीच किलो.
सवयीनं मी कलम लिहिलं तीनशे एकोणऐंशी,
मग खोडून तीनशे तीन.
"नव्या नंबरात वर्षं कमी बसतात का ताई?"

जामीन झालाय त्याचा, मागच्या श्रावणातच.
पंधरा हजार, आणि एक असा माणूस
ज्याच्या नावावर काहीतरी आहे.
असा माणूस त्याच्या ओळखीत नाही.

प्रश्न चौदा: गुन्ह्यामागील प्रेरणा.
पर्याय तो पुन्हा वाचायला लावतो,
दुकानात चपला काढायला लावाव्यात तसे.
"तुम्हाला कुठला लागतोय?"

सरांची व्याख्या पाठ आहे मला:
कच्चा कैदी म्हणजे, ज्याचा गुन्हा अजून शाबित नाही.
आमच्या सोसायटीत खेळताना कच्चा लिंबू असायचा,
शेंबडा, सगळ्यांच्या मागे पळणारा.
त्याला कुणी आउट करायचं नाही, एवढाच नियम.
ह्यालाही कुणी करत नाहीये.

संध्याकाळी एक्सेलमध्ये चौदाचा रकाना रिकामा ठेवता येईना.
नव्व्याण्णव टाकलं. म्हणजे उत्तर नाही.
सर म्हणाले, चालेल, तीस जण पूर्ण करा.

रात्री कोथरूडला, ताटं उचलताना
बाबांना विचारलं,
हा फ्लॅट नक्की कुणाच्या नावावर आहे?

"का?" म्हणाले,
पेपर खाली न घेता.