गोल टोकाची सुई

कापड किलोवर मिळालं,
कुर्ल्याला, पुलाखालच्या गल्लीत,
कांद्यासारखं तागडीत टाकून:
साडेसातशे ग्रॅम पिवळी होजिअरी.
वजनाला कमी भरलं म्हणून
दुकानदाराने वर एक चिंधी टाकली.

मी लिफ्टच्या कंपनीत आराखडे काढतो.
दोन मिलिमीटर चुकले
तर सतराव्या मजल्यावर दार उंबऱ्याला भेटत नाही.
तेव्हा पट्टी घेऊन, पेन्सिलीला टोक काढून,
फरशीवर मांडी घातली
आणि रेघ मारली.
कापड पेन्सिलीबरोबर चालू लागलं.
कापल्यावर कड वळली,
भाजताना पापडाची वळते तशी.
वरून बत्ता ठेवला, अडकित्ता ठेवला,
जिन्याच्या चाव्या ठेवल्या.

निमिषला सगळं टोचतं.
लेबल टोचतं, लेबल कापलं की उरलेलं टोचतं,
खांद्यावरची शिवण, काखेतली गाठ.
चार वर्षांचा आहे.
'आई'नंतर नीट शिकलेला शब्द: टोचतंय.
डॉक्टर म्हणाले, वाढेल तसं कमी होईल.
माझी आई म्हणाली, लाडावलाय.
आम्ही त्याला उघडाच हिंडू दिला मे महिनाभर,
पण जूनमध्ये बालवाडी होती.

पहिला शर्ट सरावाचा,
माझ्याच सुरक्षा सप्ताहाच्या टी-शर्टातून बेतलेला.
पोटावर आलं: 'रक्षा प्रथ'.
टीप सरळ मारली. सरळच येते मला.
त्याने डोकं घातलं आणि
तड् तड् तड्
खांद्यापासून कानापर्यंत उसवत गेलं.
आतून आवाज आला, "बाबा, लाइट गेली."

दुसऱ्याला टाके सुटत राहिले.
सुई खाली जाई, रिकामीच वर येई,
निरोप न देता परतलेल्या शिपायासारखी.
वैजू रात्रपाळीहून आली,
चप्पल न काढता मशीनमागे उभी राहिली.
"ओढतोयस तू."
नाही ओढत.
"ओढतोयस. टाके घालताना कातडी ओढली ना,
तर व्रण वाकडा भरतो."
आणि झोपायला गेली.

सुया विकणारे कांबळी चष्म्यावरून बघत म्हणाले,
कापड विणलेलंय, साहेब, फाडू नका.
गोल टोकाची घ्या. ती भोक पाडत नाही,
दोन धाग्यांना जरा सरका म्हणते
आणि मधून जाते.
वीस रुपयांना पाच.
मी घरी येऊन भिंगाखाली बघितली.
खरंच गोल होती. शरमल्यासारखी.

मग हात सैल सोडले.
झिगझॅग लावला, कापड दातऱ्यांच्या हवाली केलं,
आणि जसं जाईल तसं जाऊ दिलं,
हे लिहायला सोपं आहे.
तीन संध्याकाळी गेल्या.
डावी बाही बोटभर लांब.
गळ्याची पट्टी भरतीच्या वेळच्या माहीमसारखी.
गळा मात्र दोनदा मोजला, ताणून एकदा, न ताणता एकदा,
आणि शिवणी सगळ्या बाहेरून घेतल्या.
आत काही नाही. नुसतं कापड.

त्याने घातला.
मी वाट बघितली.
त्याने हात वर केले, खाली केले,
काख हुंगली,
आणि खेळायला गेला.

खाली बागेत कर्णिककाकूंनी अडवलं,
"अरे, शर्ट उलटा घातलाय बाळा!"
"नाही," तो म्हणाला, "हाच सुलटा."
काकूंनी माझ्याकडे बघितलं.
मी घसरगुंडीकडे बघितलं.

रात्री धुवायला टाकताना
सवयीने सुलटा करायला हात आत घातला,
अर्धी बाही फिरवली,
आणि मग परत होती तशी केली.
उरलेली चिंधी अजून पट्टीखाली आहे.
कड वळलीच आहे.