सव्वीस खिळे

मुंजी स्फाक्सच्या छापखान्यात
एकतीस वर्षं खिळे जुळवतो,
उजवीकडून डावीकडे. उलटं वाचायची सवय इतकी
की आरशात दाढी करताना चुकत नाही.

ट्यूनिसच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर
लांब रेघ ओढली, मधेच खोडली:
इथली सव्वीस अक्षरं गळलीत.
मुंजीनं चष्मा पुसला.
सव्वीस?
एवढी गाळून मालक साधी लग्नपत्रिका सोडत नाही.

"तुमच्यातही गळलीत. वसीलाबाईंच्यातही.
पण तुमच्याकडे एकेक प्रत धड आहे.
पोराला दोन्ही फाटक्या आल्या."

वसीला त्याची चुलतबहीण.
आजोबा एक, ऑलिव्हची बाग एक,
कुणी न तपासलेलं प्रूफ एक.
ती एवढंच म्हणाली, मग आपली रीमसुद्धा…
रीम सात महिन्यांची गेली
तेव्हा घरात सगळे म्हणाले होते, नजर लागली.

इल्येस काचेपलीकडे.
त्याच्या रक्तात पेशी आहेत, ढीगभर,
फक्त आत कोण आलंय
ते एक दुसरीला सांगत नाही.
साधी सर्दी येते आणि मुक्काम ठोकते.

थोरल्या सिहेमची मज्जा तपासली.
"जुळली," बाई म्हणाल्या.
आख्ख्या दवाखान्यात
हा एक शब्द मुंजीच्या धंद्यातला.
सिहेम नऊ वर्षांची. विचारते,
सगळी सव्वीस देऊ? मला उरतील ना?

आत जाण्याआधी नर्स
तिसऱ्यांदा हात धुवायला लावते.
"शाई आहे," तो नखं दाखवतो, "मळ नाही."
ती साबण पुन्हा पुढे करते.