शीतगृहाची किल्ली

बारा हंगाम मी याच दारातून आत गेले,
अंगावर दोन स्वेटर, वर कंपनीचा निळा कोट,
तोही मार्चच्या उन्हात.
बाहेर वणीचा बाजार तापलेला,
आत आमचे श्वास धूर होऊन निघायचे.
हॉलमध्ये घड छाटायचे, पेट्या आत लावायच्या.
सोळा मिलिमीटरच्या खालचा मणी नापास.
ते लोखंडी कडं कधीच हरवलं,
माप मात्र बोटांत राहिलं.

मग कंपनी गेली.
कंप्रेसर भंगारात, वजनकाटा कुणाच्या तरी घरी.
दार राहिलं. वीतभर जाड, पोटात थर्माकोल.
आणि किल्ली माझ्याकडं,
कारण परत मागायला कुणी आलंच नाही.

आली ती निशिगंधा गांगुर्डे,
नाशकात दोन वर्षं नाटक शिकून
परतीच्या एस.टी.तून थेट माझ्या ओट्यावर.
"मावशी, पोरांना बसायला जागा हवी.
बसायला म्हणजे, नाचायला."
ग्रामसेवकानं अर्ज उलटासुलटा केला :
युवा कला केंद्र. यात शिलाई मशीन किती येणार?
सरपंचबाई म्हणाल्या, आवाज नको, शेजारी दवाखाना आहे.
निशिगंधा म्हणाली,
"ज्या भिंतींनी थंडी बाहेर सोडली नाही
त्या आवाज काय सोडतील?"
या एका वाक्यावर ठराव झाला.

चार दिवस झाडत होतो.
गंधकाच्या कागदांचा वास काही जाईना.
अल्फिया मन्यारनं उरलेले पुठ्ठे उलटे केले,
द्राक्षांच्या छापील चित्रामागं कोरी बाजू असते
हे मला बारा वर्षांत दिसलं नव्हतं.
मोतीराम भोये ननाशीहून मामाचा मुखवटा घेऊन आला,
बोहाड्यातला रावण,
एक तोंड उंदरांनी खाल्लेलं.
"नऊवर भागवू," म्हणाला,
आणि संबळ गळ्यात अडकवून दार ओढून घेतलं.

त्या मंगळवारी आतला दांडा तुटला.
आठ पोरं आत.
ओरडली, लाथा मारल्या, शेवटी वाजवत राहिली.
दवाखान्याच्या पायरीवर पेशंट शांत बसलेले.
मी बाजारात मेथीची जुडी निवडत होते.
डबा विसरला म्हणून परत आले,
आणि कान लावला तर काही नाही.
काहीच नाही.
तळहात टेकवला तेव्हा
पत्र्याखाली कुणाची तरी नाडी उडत होती.

किल्ली फिरेपर्यंत मी काय बोलले आठवत नाही.
बाहेर आलेली पोरं घामानं निथळत होती,
दोघं रडत होती,
मोतीराम मात्र म्हणाला, "मावशी, ताल सुटला नाही हां."
मी त्याच्या थोबाडीत मारली. मग त्यालाच धरून बसले.

दुसऱ्या दिवशी कासम लोहाराला बोलावून
बिजागऱ्या कापल्या.
दार सहा जणांनी उचललं आणि विटांवर आडवं घातलं.
आता त्यावर उभं राहून बोलतात, पडतात, मरतात,
टाळ्या पडल्या की उठतात.
पाय आपटला की ते पोकळ हुंकार देतं,
इतकी वर्षं गिळलेलं थोडं थोडं बाहेर काढल्यासारखं.

किल्ली अल्फियानं मागून घेतली.
रावणाचं दहावं तोंड पुठ्ठ्याचं झालंय,
त्याच्या कानात लोंबते.

आवाज आता सगळ्या गावाचा झाला.
तक्रारीचा कागद आला, तेवीस सह्यांचा.
मी तो हजेरीच्या वहीत चिकटवला.
नावं वाचली एकेक, बोटानं, जुन्या सवयीनं.
यातले अकरा जण पहिल्या खेळाला पुढं बसले होते,
एकानं शिट्टीही मारली होती.

पाच तारखेला मीटिंग आहे.
निशिगंधा रोज भाषण पाठ करते, रोज विसरते.
मी ट्रंकेतून निळा कोट काढलाय.
बटणं आता लागत नाहीत.
तसाच घालून जाईन.