दुभाष्याची भर

बाईंनी कागदात बघून फ्रेंचमध्ये विचारलं,
"मदत थांबल्यावर शीतसाखळी कोण चालवणार?"
मी ते मालागासीत आणलं तेव्हा
साखळीची दोरी झाली:
पाहुणे उठून गेल्यावर दोरी कोण धरणार?

हानित्रा हसली.
हसण्याचं भाषांतर करायची पद्धत नाही.

तिच्या मागे फ्रिज,
दारावर तीन देशांचे झेंडे चिकटवलेले,
एकाचा कोपरा दमटपणाने सुटलेला.
तापमानाचा तक्ता: सकाळी चार, संध्याकाळी पाच, सकाळी चार.
चक्रीवादळाच्या आठवड्यात नुसत्या रेघा.

फ्रिज देणगीचा.
लसही बरीचशी देणगीची, थोडी सरकारची,
दर वर्षी सरकारची जरा जास्त,
कारण देश म्हणे आता सावरतो आहे.
घासलेट मात्र कुणाच्याच वाट्याला आलं नाही.

"कोंबड्या," हानित्रा म्हणाली.
अकरा. दवाखान्यामागे, लिचीच्या सावलीत.
सहा अंडी म्हणजे एक लिटर.

बाईंनी समासात पेन्सिलीने हिशेब केला.
चांगली बाई. खरंच केला.
मग पेन्सिल रकान्यांवरून फिरत राहिली:
शासन, दाते, स्थानिक वाटा, इतर.
"इतर" बोटभर रुंद.

"आणि कोंबड्या खुडूक बसल्या की?"
हे बाईंनी विचारलं नव्हतं, मी विचारलं.
"मग उधारी. रामारोझाका वाण्याकडे.
वहीत त्याने माझं नाव नाही घातलं,
मंत्रालयाचंही नाही.
वर लिहिलंय, फ्रिज."

एवढ्यात होडी लागली.
सोआझारा, दोन पोरं, एकाचं कार्ड भिजून लगदा.
आधीची दोघं धरून चार झाली.
गोवराची कुपी दहा जणांची.
हानित्राने दारापाशी जाऊन कालव्याकडे पाहिलं,
दोन्ही बाजूंना,
मग कुपी फोडली.
संध्याकाळी सहा डोस डब्यात गेले.
त्यांना रकाना होता. अपव्यय, टक्क्यांत.

निघताना हानित्रा मला एवढंच म्हणाली,
"तिला सांग, वरून मोजू नकोस, तळातून मोज.
तळाशी काय उरलं ते वरून दिसत नाही."
मी बाईंना सांगितलं,
"निधीचे स्रोत अधिक व्यापक हवेत, असं त्या सुचवतात."
बाईंनी मान डोलावली आणि लिहून घेतलं.
माझं फ्रेंच चांगलं आहे. त्याचेच पैसे मिळतात.

परतीच्या वाटेवर काळोख पडला.
इंजिनाच्या आवाजात बाईंनी विचारलं,
"त्या सुरुवातीला हसल्या, ते का?"
मी म्हणालो, "लाजल्या."

माझ्या खिशात त्या दिवसाचं पाकीट होतं.
मी ते नकळत लिटरमध्ये मोजत होतो:
साठ, पासष्ट,
म्हणजे दोन महिने आणि वर थोडं.
रामारोझाकाच्या दुकानात दिवा होता.
तो वही घेऊन बसलेला दिसला, पाण्यावरूनही.
नावाड्याने वेग कमी केला,
तिथे वळण आहे म्हणून.
मी काही बोललो नाही.